दोन कप्प्यांच्या मधला आजार : परभणीहून पाहिलेला एक इतिहास

‘याला ठाण्याला पाठवा’, ‘याला येरवड्याला नेऊन सोडा’ ही वाक्ये मराठी घरांत, नाटकांत आणि शाळेच्या वर्गांत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेने वापरली गेली. परभणी, जिंतूर, गंगाखेडकडच्या माणसाने ती मुंबई-पुण्याच्या मराठीतून उसनी घेतली आहेत. त्याच्या पणजोबांचे राज्य हैदराबादचे होते. सरकारदरबारी जाण्याची वेळ आली, तर रेल्वे पूर्वेकडे हैदराबादला जात असे. नंतर राज्य बदलले, राजधानी बदलली, गाडीची दिशा बदलली. लांबचा प्रवास मात्र तसाच राहिला.

या लेखाचा विषय एकच आजार आहे : स्किझोअफेक्टिव्ह विकार. नाव अवघड आहे, पण रुग्णाच्या घरच्यांना त्याची ओळख असते. माणसाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्याविरुद्ध कट करतात असा पक्का संशय बसतो. ही लक्षणे स्किझोफ्रेनियाची, म्हणजे छिन्नमनस्कतेची. त्याच माणसाला कधी महिनोन्‌महिने खोल उदासी येते, तर कधी तो रात्ररात्र न झोपता बोलत सुटतो, पैसे उधळतो, मोठमोठे बेत आखतो. ही लक्षणे भावनांच्या विकाराची. दोन्ही एकाच माणसात एकत्र नांदतात आणि मनाचा तोल सावरल्यावरही काही आठवडे आवाज किंवा संशय मागे राहतात, तेव्हा डॉक्टर हे नाव वापरतात. डॉक्टर बदलला की निदान बदलते, आणि घरच्यांना वाटते की कुणालाच काही कळत नाही. या गोंधळाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. हा आजार बरा होतो का, रुग्ण पुढे कसा जगतो, या प्रश्नांची उत्तरेही त्याच इतिहासात आहेत. परभणीच्या बाबतीत त्या उत्तरात वैद्यकाइतकाच भूगोलही येतो.

‘वेड’ नावाची एकच पेटी

चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक आणि आगंतुज. विचार बिघडणे आणि भावना बिघडणे अशी विभागणी त्यात नाही. हसणे, रडणे, बडबड, संताप, एकांतात बसणे, अन्न टाकणे ही सगळी लक्षणे वेगवेगळ्या प्रमाणात सगळ्या प्रकारांत येतात. उपचारांत घृत, शोधन आणि अभ्यंग आहेत. रुग्णाला धीर देणे, त्याचे हरवलेले प्रिय माणूस किंवा वस्तू आठवून त्याची समजूत काढणे, हेही आहे. त्याच ठिकाणी रुग्णाला दात काढलेल्या सापाची भीती घालणे, बांधणे, अंधाऱ्या जागी कोंडणे हेही उपचार म्हणून आले आहे. मनोरुग्णाशी दयेने आणि धाकाने वागण्याच्या या दोन्ही परंपरा जुन्या आहेत, आणि दोन्ही अजून चालू आहेत.

मराठीत ‘वेड’ या शब्दाला निंदेइतकाच आदरही चिकटलेला आहे. तेराव्या शतकात ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंचे वागणे भोवतालच्या लोकांना वेड्यासारखे वाटे. महानुभावांनी त्यातच ईश्वराची लीला पाहिली आणि त्यांचे चरित्र लिहून ठेवले. देवाचे वेड लागलेला माणूस संतपदाला पोहोचू शकतो, ही कल्पना गोदाकाठच्या गावांना परकी नाही. पण घरातल्या तरुण मुलाने एके दिवशी नांगर टाकून भिंतीशी बोलायला सुरुवात केली, की भाषा बदलते. मग ‘बाहेरचं झालंय’, ‘लागीर झालंय’, ‘करणी केलीय’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असे म्हटले जाते. यांतल्या प्रत्येक शब्दात कारण सांगितलेले असते आणि कुणाकडे जायचे हेही ठरलेले असते. ‘लागीर’ म्हटले की भगताकडे, ‘परिणाम’ म्हटले की दवाखान्यात. नावावरून वाट ठरते, हे वैद्यकातही पुढे तसेच घडले.

कप्पे कसे पडले

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ साली आपल्या पाठ्यपुस्तकाच्या सहाव्या आवृत्तीत गंभीर मनोविकारांचे दोन मोठे कप्पे केले. एका कप्प्यात तरुणपणी सुरू होऊन बुद्धी आणि व्यक्तिमत्त्व पोखरत नेणारा आजार होता. दुसऱ्यात उन्माद आणि अवसाद यांच्या लाटा येऊन जाणारा, मधल्या काळात माणूस पूर्ववत होणारा आजार होता. या विभागणीचा पाया लक्षणांपेक्षा भवितव्य हा होता. पहिल्या कप्प्यातला माणूस ढासळत जाणार, दुसऱ्यातला सावरणार, असे त्यात गृहीत होते. स्विस डॉक्टर ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ नंतर पहिल्या कप्प्याला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले आणि सगळेच रुग्ण ढासळत नाहीत हेही नोंदवले.

निदान म्हणजेच भविष्यवाणी, हा विचार तेव्हापासून मानसोपचारात रुजला. पण रुग्ण कप्प्यांत बसायला तयार नव्हते. १९२० साली खुद्द क्रेपेलिन यांनी कबूल केले की अनेक रुग्णांत या दोन आजारांची सीमा नीट आखता येत नाही. १९३३ साली अमेरिकेत जेकब कासानिन यांनी नऊ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ‘स्किझोअफेक्टिव्ह’ हा शब्द वैद्यकाला दिला. हे नऊ जण तरुण होते. आजारापूर्वी त्यांचे वागणे-काम ठीक चालले होते. कसला तरी मोठा ताण आला आणि आजार अचानक उसळला. त्यांना भास आणि संशय होते, त्याबरोबर भावनांची प्रचंड खळबळही होती. आणि ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे झाले. कासानिन यांचा शब्द आशेच्या बाजूने आला होता, हे आज विसरले जाते. पहिल्या कप्प्यातले दिसणारे, पण दुसऱ्यासारखे सावरणारे रुग्ण असतात, असे त्यांना सांगायचे होते.

पुढची पन्नास वर्षे या शब्दाची जागा सरकत राहिली. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो बराच काळ स्किझोफ्रेनियाचा उपप्रकार होता. १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेने आपली निदानपुस्तिका नव्याने लिहिली. प्रत्येक आजाराला मोजूनमापून निकष देणे हे तिचे वैशिष्ट्य, पण या एका आजाराला निकष द्यायचे तिने टाळले. १९८७ च्या आवृत्तीत ते आले. त्यांतली कळीची अट अशी : मनाची उदासी किंवा उन्माद नसतानाही किमान दोन आठवडे भास किंवा भ्रम दिसले पाहिजेत. २०१३ च्या आवृत्तीत आणखी एक अट कडक झाली. आजाराच्या एकूण काळातला बहुतांश काळ भावनांचा विकारही असला पाहिजे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की एका भेटीत हे निदान करणे जवळजवळ अशक्य असते. आजाराचा चित्रपट पाहावा लागतो, एका छायाचित्रावर भागत नाही. त्यासाठी रुग्णाला वर्षानुवर्षे ओळखणारा डॉक्टर आणि जुने कागद जपणारे घर लागते. ज्या जिल्ह्यातला रुग्ण दर खेपेला वेगळ्या शहरातल्या वेगळ्या डॉक्टरकडे जातो, तिथे तो एकदा स्किझोफ्रेनियाचा, एकदा बायपोलरचा आणि एकदा नुसत्या ‘डिप्रेशन’चा रुग्ण ठरतो.

चार रुग्णालये आणि एक मोकळी जागा

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि पुण्यातले येरवडा (१९१५). मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, १,८५० आणि २,५४०, म्हणजे एकूण ५,६९५. ही चार ठिकाणे नकाशावर ठेवली की ब्रिटिश काळाची हद्द उमटते. रत्नागिरी, ठाणे आणि पुणे मुंबई इलाख्यात होते, नागपूर मध्य प्रांतात. मधली मोठी मोकळी जागा म्हणजे मराठवाडा, जो निजामाच्या राज्यात होता.

त्या राज्याची राजधानी हैदराबाद होती. एर्रगड्डा या उपनगरातले तिथले मनोरुग्णालय तेलंगणात आजही म्हणीसारखे वापरले जाते, आपल्याकडे ठाणे-येरवडा वापरतात तसे. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे झाली आणि परभणी या मार्गावर आली, त्यामुळे तिकडची वाट अवघड असली तरी सरळ होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचे राज्य संपले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशात गेले. भाषेच्या दृष्टीने हे न्याय्य होते आणि लोकांनी त्याचे स्वागत केले. पण वाटणीत रुग्णालये जिथल्या तिथे राहिली. मराठवाड्याच्या वाट्याला एकही मनोरुग्णालय आले नाही. परभणीच्या रुग्णाला आता साडेतीनशे-चारशे किलोमीटरवरचे पुणे गाठायचे होते.

तेव्हाची रुग्णालये गाठून फार काही मिळत होते असेही नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात नोंदवले की देशात मनोरुग्णांसाठी सुमारे ४०,००० लोकांमागे एक खाट आहे, तर इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक. त्या खाटाही मुख्यतः ताब्यात ठेवण्यासाठी होत्या. १९१२ चा इंडियन ल्युनसी ॲक्ट मॅजिस्ट्रेट, पोलीस आणि दाखल्याचे हुकूम यांच्या भाषेत लिहिलेला होता. रुग्ण आत गेला की नातलगांचा संबंध तुटे आणि बरा झालेला माणूसही आत राहून जाई. लांबच्या गावच्या रुग्णाला हा धोका अधिक होता, कारण त्याला भेटायला येणे म्हणजे मजुरी बुडवून चार दिवसांचा प्रवास.

याच काळात वेगळी वाटही निघाली होती. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. नातलग रुग्णाची सेवा करीत, आजाराची माहिती घेत आणि त्याला बरोबर घेऊन परत जात. घर हेच उपचाराचे केंद्र मानणारा भारतीय मानसोपचाराचा विचार तिथून सुरू झाला असे म्हणता येईल. मराठवाड्यासारख्या भागाला तो सर्वांत उपयोगाचा होता, कारण इथे घराशिवाय दुसरे काही नव्हतेच.

सर्पगंधेपासून क्लोझापिनपर्यंत

औषधांच्या इतिहासात भारताचा आणि मुंबईचा वाटा मोठा आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली सर्पगंधा ही वनस्पती वेड आणि रक्तदाब या दोहोंवर गुणकारी असल्याचा लेख प्रसिद्ध केला. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात तिच्या रक्तदाबावरील उपयोगाबद्दल लिहिले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढले गेले आणि १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरले. पण या औषधाने काही जणांना खोल उदासी येते असे दिसले. भास शांत करणारे औषध भावना बुडवू शकते. आपल्या आजाराच्या रुग्णाला दोन्ही बाजू सांभाळाव्या लागतात, त्यामुळे हा धडा मोलाचा होता.

त्याच सुमारास दोन स्वतंत्र शोध लागले. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी लिथियम हा साधा क्षार उन्मादावर वापरून दाखवला. १९५२ साली पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर यांनी क्लोरप्रोमझिन भास-भ्रमांवर वापरले. दोन कप्प्यांना दोन औषधे मिळाली आणि मधल्या रुग्णाला दोन्ही लागू लागली. आजही उपचाराचा सांगाडा तोच आहे. भास-भ्रमांसाठी एक सायकोसिसविरोधी औषध, उन्मादाच्या लाटा असतील तर लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट, नुसती उदासी असेल तर उदासीवरचे औषध. व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ते शक्यतो टाळतात. इतर औषधांनी दाद न देणाऱ्यांसाठी क्लोझापिन आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये पांढऱ्या पेशी घटून काही रुग्ण दगावल्यावर ते मागे पडले होते. १९८८ साली जॉन केन आणि सहकाऱ्यांनी हट्टी आजारात ते इतरांपेक्षा सरस असल्याचे दाखवले आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर ते परत आले. केवळ स्किझोअफेक्टिव्ह विकारासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिली मान्यता दिली ती २००९ साली, पॅलिपेरिडोन या औषधाला. नाव मिळाल्यापासून ७६ वर्षांनी.

पुढे काय होते?

घरच्यांचा खरा प्रश्न हाच असतो. एकूण चित्र असे आहे : सरासरीने या आजाराचे भवितव्य स्किझोफ्रेनियापेक्षा बरे आणि निव्वळ भावनांच्या विकारापेक्षा अवघड असते. आजार अचानक उसळला, आधीचे आयुष्य सुरळीत होते, भावनांची लक्षणे ठळक आहेत आणि उपचार लवकर सुरू झाले, तर सावरण्याची शक्यता वाढते. उपचाराविना गेलेला काळ जितका लांब, तितके सावरणे अवघड. औषध मध्येच सोडल्यावर आजार उलटणे नेहमीचे आहे. आत्महत्येचा धोका खरा आहे. स्किझोफ्रेनिया आणि हा विकार मिळून आयुष्यभरात सुमारे ५ टक्के रुग्ण त्या वाटेने जातात, आणि उदासीची लक्षणे असतील तेव्हा धोका अधिक असतो. म्हणून ‘मला जगायचं नाही’ हे रुग्णाचे बोलणे नाटक समजून सोडून द्यायचे नसते.

भवितव्याच्या चर्चेत भारताला एक खास जागा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा पाहणी-प्रकल्प सुरू केला. त्यात १,२०२ रुग्ण होते आणि भारताचे केंद्र आग्रा होते. तेव्हाच्या वर्गीकरणानुसार आपला आजार त्याच छत्राखाली मोजला जात होता. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा आग्रा, नायजेरियातले इबादान आणि कोलंबियातले काली इथले रुग्ण श्रीमंत देशांतल्या रुग्णांपेक्षा बरे निघाले. एकत्र कुटुंब, शेतीतले सोपे काम आणि गावाची सहनशीलता अशी कारणे सुचवली गेली. पुढे ‘गरीब देशांत हा आजार सौम्य असतो’ असे ब्रीदच तयार झाले. २००८ साली ॲलेक्स कोहेन, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांतले अभ्यास तपासून हे ब्रीद प्रश्नांकित केले. उपचार न मिळालेले, लग्न मोडलेले, लवकर मेलेले रुग्ण त्यात नीट मोजले गेले आहेत का, असा त्यांचा रोख होता.

परभणीच्या बाजूने पाहिले तर दोन्ही बाजूंत तथ्य आहे. शेतावर राखण करणे, जनावरे वळणे, कापूस वेचणे अशी कामे अर्धवट सावरलेला माणूसही करू शकतो, आणि शहरी नोकरीत मिळणार नाही अशी सवलत गावात मिळते. पण ही सहनशीलता बहुतेक वेळा एका आईच्या किंवा बायकोच्या खांद्यावर उभी असते. ती थकली किंवा वारली, की गावाची सहनशीलता किती होती ते कळते.

सैलानीची वाट

जिंतूरच्या पलीकडे बुलढाणा जिल्हा लागतो. तिथे पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास भरणाऱ्या यात्रेला मराठवाडा-विदर्भातून सर्व धर्मांचे लोक येतात आणि बाधा उतरवण्यासाठी अंगावरचे कपडे, नारळ होळीत टाकतात. मनोरुग्णांना घेऊन आलेली कुटुंबे तिथे महिनोन्‌महिने राहिल्याची परंपरा आहे. या वाटेला नुसते हसून चालत नाही. अशा ठिकाणी रुग्णाबरोबर घरचे माणूस राहते, कुणी दाखला मागत नाही आणि आजाराला लाज वाटणार नाही असे नाव मिळते. मानवशास्त्रज्ञ व्हिएडा स्कल्टन्स यांनी १९८७ साली महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिराचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरातल्या रुग्णाचे दुखणे आपल्यावर यावे म्हणून तिथे बायका स्वतः अंगात आणून घेताना त्यांना दिसल्या. आपल्या समाजात मनोरुग्णाचा भार कोण उचलते, याचा यापेक्षा बोलका पुरावा सापडणे कठीण.

पण या वाटेची दुसरी बाजू साखळीची आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एर्वाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयगृहाला पहाटे आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने दोन दशके लावून धरलेला जादूटोणाविरोधी कायदा, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ च्या खुनानंतर, त्याच वर्षी झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हे त्याने गुन्हा ठरवले. प्रार्थनेला त्याची आडकाठी नाही. नवस फेडायला जाणाऱ्याने गोळ्याही बरोबर न्याव्यात, एवढाच व्यवहारी मार्ग कुटुंबांना सुचवता येतो, आणि तो बहुतेकांना पटतो.

कायदा आणि संसार

१९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा आला. तो १९९३ पासून लागू झाला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. यात पहिल्यांदा रुग्णाला उपचार मागण्याचा हक्क मिळाला. जिल्ह्यात शासनाच्या किमान सेवा नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेकडे उपचार घेता येतात आणि त्याचा खर्च शासनाने सोसायचा आहे. साखळीने बांधणे आणि भूल न देता विजेचे उपचार करणे यांवर पूर्ण बंदी आहे. बरे असताना माणूस लिहून ठेवू शकतो की आजार उलटला तर आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि आपल्या वतीने कुणी बोलावे. लाटांनी येणाऱ्या आजारात ही तरतूद फार कामाची आहे, कारण मधल्या काळात रुग्णाची समज शाबूत असते.

संसाराचा प्रश्न कोर्टात अधिक जातो. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतरही मनोविकार हे घटस्फोटाचे कारण राहिले. मात्र १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसे नाही, आजाराची तीव्रता किती आहे ते पाहावे लागेल. २०१३ साली एका प्रकरणात पतीने हेच कारण पुढे केले, तेव्हा न्यायालयाने हैदराबादच्या मनोरुग्णालयातल्या तज्ज्ञांचा अहवाल आधाराला घेतला. पत्नीची लक्षणे औषधाने आटोक्यात आहेत आणि घरची साथ मिळाली तर ती संसार करू शकते, असा त्याचा आशय होता. घटस्फोट नाकारला गेला. 

कुटुंबांनी स्वतः उभे केलेले कामही महाराष्ट्रात आहे. कॅल्गरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातल्या अनुभवातून १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांची प्रेरणा होती. नातलगांनी एकमेकांना भेटून बोलावे, हे या संस्थेचे साधे सूत्र. त्याला इमारत लागत नाही. शाळेची एक खोली आणि महिन्यातला एक रविवार पुरतो.

आजची परभणी

अंतर हळूहळू कमी होत गेले. १९५६ साली औरंगाबादला, १९७० च्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ साली नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगावला मानसिक आरोग्य केंद्र उभे राहिले. जालन्याला ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय मंजूर झाले आहे. २०२३ साली परभणीलाच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १९८२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमातून निघालेला आणि कर्नाटकातल्या बेल्लारीत आजमावलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आता जिल्हा रुग्णालयांपर्यंत आला आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ साली सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात १४ जिल्हे होते, त्यांत परभणी आहे. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलिमानस ही मोफत सेवा चालते.

तरी गरज किती आहे ते पाहावे. या विकाराचे आयुष्यभरातले प्रमाण साधारण ०.३ टक्के मानले जाते. २०११ च्या जनगणनेनुसार परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८,३६,०८६. ढोबळ हिशेबाने साडेपाच हजार माणसे होतात, म्हणजे सरासरीने जिल्ह्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात काही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत सायकोसिस असलेल्या चारपैकी जवळपास तीन जणांना उपचार मिळत नव्हते. त्या पाहणीच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता.

इथल्या उपचारांना इथल्या दोन गोष्टी विचारात घ्याव्याच लागतात. पहिली गोष्ट ऊन. लिथियमची मात्रा रक्तात नेमकी राखावी लागते. चैत्र-वैशाखात रानात काम करणाऱ्याच्या अंगातले पाणी आणि मीठ घामावाटे गेले, किंवा त्याने अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या, की लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणे, उलटी, जुलाब, झोकांड्या जाणे अशी लक्षणे दिसली की थांबायचे नाही, लगेच दवाखाना गाठायचा. भरपूर पाणी प्यावे आणि ठरलेल्या दिवशी रक्त तपासावे, हे सांगायला मोठा तज्ज्ञ लागत नाही, गावची आशाताई सांगू शकते.

दुसरी गोष्ट स्थलांतर. गंगाखेड, सोनपेठ, पालमकडच्या ऊसतोड टोळ्या दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. जोडीतल्या एकाला हा आजार असेल तर पाच-सहा महिन्यांच्या गोळ्यांचे काय? महिन्याची चिठ्ठी फडावर उपयोगाची नसते. कोपीत रात्री अपरात्री उठून तोडीला जायचे, म्हणजे झोप मोडणार, आणि झोप मोडली की उन्मादाची लाट येऊ शकते. निघताना पुरेशी औषधे बरोबर देणे, जमेल तिथे महिन्याने किंवा त्याहून अधिक काळाने घ्यायचे लांब पल्ल्याचे इंजेक्शन वापरणे, आणि कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्याला जुने कागद दाखवता येतील अशी एक वही देणे, एवढी तजवीज जिल्हा पातळीवर करता येण्याजोगी आहे. ती झाली तर पुढच्या मोसमात किती घरे वाचतील, हा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

कासानिन यांच्या नऊ रुग्णांना आज वापरतो त्यांतले एकही औषध मिळाले नव्हते, तरी ते सावरले.  परभणीच्या रुग्णाला औषध मिळू लागून काही दशके झाली आहेत. त्याला जवळचा, तोच तो डॉक्टर मिळणे बाकी आहे. नव्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून निघणाऱ्या पहिल्या तुकडीपैकी दोघे-तिघे जरी मानसोपचार शिकून याच जिल्ह्यात थांबले, तरी १९५६ पासून चुकलेली एक वाटणी थोडीफार दुरुस्त होईल.